‘वायटर, फ्राऊ योशी’

भिंतीतून आवाज यायचा, ‘‘वायटर.’’ म्हणजे पुढे. पाठोपाठ लाकडावर हातोडीचे दोन टोले, टक टक. मग मी बोटाखालची पट्टी सोडायची, शेजारची दाबायची आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसायचं. बर्लिनमधले दोन वर्षांचे रविवार मी असे भिंतीकडे बघण्यात घालवले, आणि कुणी परत दिले तर पुन्हा तसेच घालवीन.

भिंतीतल्या गृहस्थांचं नाव मी सांगणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि आमच्या घरात ते कुणी वापरायचंही नाही. आमच्यासाठी ते वायटर आजोबा. ऐंशीच्या आसपासचे, उंच, जरासे वाकलेले, अंगात पुष्कळ खिशांचा करडा कोट आणि गळ्यात बुटाच्या नाडीत ओवलेली एक किल्ली. तुम्ही कुठेही राहत असलात तरी तुमच्या आळीत असा एक माणूस असणारच. त्याला कामावर कुणी नेमलं ते कुणाला आठवत नाही आणि त्याच्यावाचून कुणाचं चालतही नाही.

आमच्या इमारतीला पाठ लावून एक जुनं वारिएटे आहे. हा प्रकार नाटक नव्हे, तमाशा नव्हे आणि सर्कसही नव्हे, पण तिन्हींच्या घरी याचं जाणंयेणं असावं. जादूगार, दोरीवरून चालणाऱ्या बायका, नकलाकार, टोपी घालणारे कुत्रे. या सगळ्यांना साथ करायला तिथे एक पाइप ऑर्गन आहे. चर्चमधल्यासारखा सोज्ज्वळ नव्हे. याच्या पोटात ढोल आहे, झांजा आहेत, घोड्याच्या टापा, आगगाडीची शिटी, टेलिफोनची घंटा आणि एक पक्षी आहे. वाजवायच्या पट्ट्या रंगमंचाच्या कडेला, आणि नळ्या मात्र बाजूच्या भिंतीआड, लाकडी झडपांमागच्या खोलीत. माणसाच्या करंगळीएवढ्या नळीपासून आमच्या बाथरूममध्ये मावणार नाही अशा नळीपर्यंत शेकडो.

वायटर आजोबांची माझी ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडायला मी गेले होते. जर्मनीत रविवारची शांतता कशी पाळतात हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. रविवारी सकाळी मी एकदाच मिक्सरवर चटणी वाटली होती, तर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दारावर नियमांची छापील प्रत चिकटवली. तीन वर्षं तो अपमान मी जपून ठेवला होता. आणि एका रविवारी दहा वाजता मागच्या भिंतीतून एकच पातळ, टोकदार सूर यायला लागला. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. मला झालेला आनंद काय सांगू. तक्रारीचं जर्मन वाक्य जिन्यात तीनदा घोकलं, व्याकरणासकट, आणि वारिएटेच्या मागच्या दारातून आत शिरले.

रिकाम्या प्रेक्षागृहात एक म्हातारा, पट्टी दाबलेली राहावी म्हणून, तिच्यावर जाडजूड पुस्तकाचा कोपरा टेकवत होता. माझं वाक्य त्याने शेवटच्या क्रियापदापर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘आल्झो, बरं मग, तुम्हाला बोटं आहेत?’’

‘‘आहेत,’’ मी म्हणाले. ‘‘पण रविवारी—’’

‘‘रविवारी खालची उ-बान, भुयारी गाडी, कमी धावते. इतर दिवशी दर चार मिनिटांनी सगळ्या नळ्या थरथरतात. थरथरत्या नळीला सूर कसा लावणार? बसा. एक बोट पुरे.’’

ऑर्गनचे सूर लावायला दोन माणसं लागतात हे मला तेव्हा कळलं. एकाने आत नळ्यांमध्ये उभं राहून प्रत्येक नळीवरची पत्र्याची कडी हातोडीने वरखाली ठोकायची, दुसऱ्याने बाहेर ती ती पट्टी दाबून धरायची. दुसऱ्याला काही यावं लागत नाही, फक्त सहनशक्ती हवी. माझ्याकडे ती असते. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दिवसभर एकेक बटण दाबून काय होतंय ते बघण्याचा मला पगार मिळतो. बाराला घरी आले तेव्हा नवरा म्हणाला, ‘‘तक्रार करायला गेलीस आणि नोकरी घेऊन आलीस.’’

पुढच्या रविवारी मी आपणहून गेले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. माझं लहानपण मिरजेचं. शाळा सुटली की बाईंकडे गाणं शिकायला जायचं आणि पहिला अर्धा तास गाणं नाहीच, नुसता तंबोरा जुळवायचा. तार किंचित चढव, किंचित उतरव, थांब, ऐक. नोकरी, लग्न, व्हिसा या भानगडीत ते सगळं सुटलं होतं. एका सुरात बसून राहणं आपल्याला इतकं हवं होतं हे मला त्या धुळीच्या थिएटरात कळलं.

कामाची सुरुवात ठरलेली असायची. आधी पक्षी. पक्षी म्हणजे पितळेची छोटी शिट्टी, वाटीभर पाण्यात तोंड बुडवून बसवलेली. वाटीत पाणी असेल तरच ती किलबिलते, नाहीतर नुसती फुरफुरते. वायटर आजोबा कोटाच्या एका खिशातून औषधाची बाटली काढून वाटी भरायचे. ‘‘आधी पक्ष्याला पाणी. मग आपण.’’ घरातल्या देवाला पाणी दाखवल्याशिवाय चहा न घेणारी माणसं मी पाहिली होती, त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही.

एकदा त्यांनी मला नळ्यांच्या खोलीत नेलं आणि बॅटरीचा झोत आतल्या फळ्यांवर टाकला. फळ्यांवर पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी होत्या, वरपासून खालपर्यंत. तारीख. किती अंश गरम किंवा थंड. सूर कोणी लावले. पट्ट्या कोणी धरल्या. जुन्या ओळी जुन्या वळणाच्या जर्मन लिपीत होत्या, त्या ते वाचून दाखवायचे.

‘‘ही दोरीवरून चालायची. वजन भरपूर. पण पट्टीवर बोट कापसासारखं.’’

‘‘ही जादूगाराची बायको. जादूगार पळून गेला. ती राहिली, कारण अर्ध्या नळ्या लावायच्या बाकी होत्या.’’

मग एक ओळ आली. तीन अंश, छप्पर नाही, पट्ट्यांच्या जागी कोट ठेवण्याच्या खोलीतल्या बाईचं नाव. ‘‘युद्धानंतर,’’ ते म्हणाले. छप्पर नसलेल्या थिएटरात, प्रेक्षक नसताना, दोन माणसं कुडकुडत सूर लावत होती. त्यानंतर सिनेमा दाखवणारा ऑपरेटर आला. सिनेमा बंद पडल्यावर एका गालिचेवाल्याने थिएटरचं गोदाम केलं आणि काही वर्षं पट्ट्या त्यानेच धरल्या. ‘‘ऑर्गन कोणी वाचवला विचाराल, तर गालिच्यांनी,’’ आजोबा म्हणाले. ‘‘सगळी ओल त्यांनी पिऊन टाकली.’’ या थिएटरचा इतिहास मी एकदा इंटरनेटवर शोधला होता. चार वाक्यं सापडली होती आणि त्यात गालिचे नव्हते.

गालिचेवाल्याच्या खाली ‘सूर’ या जागी आजोबांचं नाव सुरू झालं आणि ‘पट्ट्या’ या जागी एका बाईचं. दोन्ही नावं जोडीने खाली खाली जात होती. फळी संपली की पुढची फळी. मग एके ठिकाणी बाईंचं नाव थांबलं आणि तिथे नुसती रेघ. बऱ्याच ओळींना नुसती रेघ.

‘‘या—’’ मी त्या नावावर बोट ठेवलं.

‘‘वायटर,’’ ते म्हणाले आणि बॅटरी विझवली. पट्टी नसली तरी हा शब्द ते वापरतात हे मला त्या दिवशी समजलं.

मग थिएटरला नव्या मॅनेजरबाई आल्या. चांगल्या बाई. खुर्च्या बदलल्या, छत रंगवून घेतलं, शरद ऋतूत थाटात पुन्हा उघडायचं ठरवलं. एका रविवारी आम्हाला कॉफी आणून दिली आणि म्हणाल्या, ‘‘उद्घाटनाच्या दोन दिवस आधी पाहुणे वादक येऊन ऑर्गन तपासतील. त्यांनी ठीक म्हटलं तर सगळं आहे तसंच चालू द्या. नाहीतर एका कंपनीशी वर्षाचा करार करीन म्हणते. मग किल्ली त्यांच्याकडे राहील. तुम्हालाही विश्रांती.’’ इतक्या गोड आवाजात बोलल्या की ही धमकी आहे हे मला त्या गेल्यावर कळलं. वायटर आजोबा ‘‘गेनाऊ, गेनाऊ,’’ अगदी, अगदी, असं म्हणत मान हलवत होते. एका हातात कॉफी होती आणि दुसऱ्याने छातीवरची किल्ली मुठीत धरली होती.

त्याच दुपारी ती गोष्ट घडली. आम्ही बासरी नावाच्या नळ्यांच्या अगदी वरच्या सप्तकात होतो. करंगळीएवढ्या त्या नळ्यांचे सूर सुईच्या टोकासारखे. मी एक पट्टी दाबली आणि काहीच वाजलं नाही. नळीत कचरा अडकला असेल, आता ते हातोडी आपटतील, शिव्या देतील, अशी वाट बघत राहिले. भिंतीतून आवाज आला, ‘‘वायटर.’’

पुढची पट्टी वाजली, पण बेसूर होती. ‘‘वायटर.’’ त्यापुढची त्याहून बेसूर. ‘‘वायटर.’’

आता मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण माझा धंदाच तो. पुढच्या वेळी मी पट्टी दाबलीच नाही. बोट हवेत धरून बसले. थिएटरात पूर्ण शांतता होती, उ-बानसुद्धा नव्हती.

‘‘वायटर, फ्राऊ योशी,’’ भिंत म्हणाली. टक टक.

जोशीबाईंचं फ्राऊ योशी करणारा तो आवाज नेहमीसारखाच होता. वरचे सूर त्यांना ऐकूच येत नव्हते, केव्हापासून ते देव जाणे. आणि पाहुण्या वादकाला ते अर्ध्या मिनिटात कळणार होतं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘स्पष्ट सांगून टाक. जर्मन लोकांना स्पष्ट बोललेलं आवडतं.’’ त्याचं खरं असेल. पण ज्या माणसाने सगळं आयुष्य कानावर काढलं त्याला, तुमचा कान गेला, हे स्पष्ट सांगायचं माझं जर्मन नव्हतं. मराठीतही जमलं नसतं.

म्हणून पुढच्या रविवारी मी शिकाऊ झाले. ‘‘मला हे काम शिकायचंय,’’ मी म्हणाले. ‘‘वरच्या सप्तकात आधी मी सांगते, वर की खाली. तुम्ही फक्त माझी परीक्षा घ्या.’’

त्यांनी हातोडी कोटाच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवली. मग म्हणाले, ‘‘बसा. शिकलं पाहिजे,’’ आणि भिंतीत गेले.

तिथून पुढचे रविवार उलटे झाले. मी बाहेरून ओरडायची, ‘‘वर. अजून. थोडं खाली. थांबा.’’ आतून हातोडी माझं ऐकायची. अधूनमधून ते ‘‘रिश्टिग,’’ बरोबर, असं म्हणून शाबासकी द्यायचे आणि मी आभार मानायचे. एवढं सभ्य नाटक त्या रंगमंचावर आधी कुणी केलं नसेल.

चूक माझी झाली. आणि अशी चूक करायला मिरजेचीच मुलगी लागते. वरच्या सप्तकातली प्रत्येक नळी खालच्या सप्तकातल्या त्याच सुराशी जुळवायची असते. ही इतकी साधी गोष्ट की त्यांनी सांगितली नाही, आणि मी विचारली नाही. मी बाईंनी शिकवलं होतं ते केलं. आधी षड्ज. उ-बानच्या तिकिटाची घडी करून पांढरी एकच्या पट्टीच्या फटीत खुपसली, म्हणजे सा अखंड वाजत राहील, आणि बाकीचे अकराच्या अकरा सूर त्या एका ‘सा’शी जुळवले. गंधार लावला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. बाई म्हणायच्या, ‘‘पेटीचा गंधार चढा असतो गं, तिच्या नादी लागू नकोस.’’ पेटीवर प्रत्येक पट्टीत गायची सोय हवी, म्हणून प्रत्येक सूर जरा जरा खोटा ठेवतात. मी खोटं ठेवलं नाही. गंधार उतरवत उतरवत असा शांत बसवला की तो आणि सा वेगळे ओळखू येईनात. फारच छान काम झालं, असं मला वाटलं.

तपासणी शनिवारी दुपारी होती. पाहुणे वादक सडपातळ, पायातले बूट काढून कापडी पिशवीतून ऑर्गनसाठीचे वेगळे बूट काढणारे. मॅनेजरबाई पहिल्या रांगेत. वायटर आजोबांनी नवा शर्ट घातला होता आणि किल्ली शर्टाच्या आत लपवली होती. पक्ष्याला पाणी घातलेलं होतं.

वादकांनी ढोल वाजवला, घोडा पळवला, पक्षी बोलवला. मग बासरीच्या वरच्या सप्तकात पांढरी एकमध्ये एक साधी ओळ वाजवली. थांबले. तीच ओळ पुन्हा वाजवली, डोळे मिटून. मला धन्य वाटलं. मग त्यांनी तीच ओळ काळी एकमध्ये वाजवली, आणि शेपटीवर पाय पडल्यावर मांजर ओरडेल तसा ऑर्गन ओरडला.

मॅनेजरबाई दचकल्या. वादकांनी एकेक पट्टी बदलत तीच ओळ वाजवली आणि दरवेळी मांजर निराळं ओरडलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. एका पट्टीपुरता स्वर्ग आणि उरलेल्या सगळ्या पट्ट्यांत नरक मी स्वतःच्या हाताने करून ठेवला होता. पंधरा रविवार खपून मी त्यांची किल्ली घालवली होती.

‘‘हे सूर कोणी लावले?’’ वादकांनी विचारलं.

मी उभी राहिले. सगळं सांगणारच होते. तेवढ्यात वायटर आजोबा शेजारून म्हणाले, ‘‘हिस्टोरिश.’’

‘‘काय?’’

‘‘वरचं सप्तक ऐतिहासिक पद्धतीने लावलेलं आहे. शुद्ध.’’ आवाज इतका थंड की मीच क्षणभर विश्वास ठेवला. ‘‘तुमच्या आमच्या आधीची पद्धत आहे. कुणाला नको असेल तर ती बदलता येईल. पण मग ती गेली.’’

जर्मनीत एखाद्या मोडक्या दाराला ऐतिहासिक म्हणा, त्याला कुणी हात लावणार नाही. वादक पुन्हा पट्ट्यांकडे वळले, पांढरी एकमध्ये ती ओळ वाजवली आणि शेवटच्या गंधारावर खूप वेळ थांबले. ‘‘असा तिसरा सूर मी ऑर्गनवर ऐकलेला नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मी आहे तसाच वाजवीन. कार्यक्रम थोडा बदलावा लागेल.’’ उद्घाटनाला त्यांनी बासरीचं सगळं पांढरी एकमध्ये वाजवलं. किल्ली शर्टाच्या आत राहिली.

त्या शनिवारी बाहेरच्या बाकावर बसून आम्ही केक खाल्ला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात एका रविवारी तुम्ही पट्टी दाबली नव्हती.’’

मी काटा बशीत ठेवला.

‘‘मी नळीच्या तोंडाशी बोट धरतो. वारा लागला नाही.’’

‘‘मग वायटर का म्हणालात?’’

त्यांनी केकचा तुकडा काट्याने नीट दोन भागांत कापला. ‘‘कुणाला तरी सांगायला हवं होतं, फ्राऊ योशी. तोंडाने सांगता येत नव्हतं.’’

मी रडले, सरळ बाकावर बसून. ते उ-बानच्या पायऱ्यांकडे बघत म्हणाले, ‘‘तो तिसरा सूर कुठून आणलात?’’

‘‘मिरजेहून.’’

‘‘लांब आहे?’’

‘‘आहे.’’

‘‘हं,’’ ते म्हणाले आणि केकचा दुसरा भाग माझ्या बशीत ठेवला.

त्यानंतर एकच रविवार मिळाला. त्या दिवशी नेहमीची ओळ लिहायला ते आत गेले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहिले. मी डोकावायला गेले तर म्हणाले, आत जागा नाही. हिवाळ्यात ते बॉनला मुलीकडे गेले, महिनाभरासाठी म्हणून. मार्चमध्ये तिचाच फोन आला. ‘‘वडील तुमच्याबद्दल बोलायचे,’’ ती म्हणाली, आणि त्यांच्यामागे किल्ली कुठे पाठवायची ते विचारलं.

परवा मॅनेजरबाईंचा निरोप आला. कंपनीकडून सूर लावणारी मुलगी येणार आहे, पट्ट्या धराल का? गेले. पंचविशीची हसरी मुलगी, पाठीवर अवजारांची पिशवी, हातात तीच किल्ली, त्याच बुटाच्या नाडीत. मी तिला म्हटलं, ‘‘आधी पक्ष्याला पाणी.’’ तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं, पण घातलं.

तासभर काम चाललं. ती ‘वायटर’ म्हणायची नाही, नुसती टकटक करायची. मग टकटक थांबली. भिंतीतून तिचा आवाज आला, ‘‘इथे फळीवर काहीतरी लिहिलंय. शेवटच्या ओळीत तुमचं नाव आहे बहुतेक. वाचू?’’

‘‘वाच.’’

तिने तारीख वाचली. एकोणीस अंश. ‘‘सूर: फ्राऊ जोशी,’’ ती म्हणाली. ‘‘पट्ट्या:’’ आणि तिथे तिने त्यांचं नाव वाचलं.

मला समोरच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या. दोरीवरून चालणारी, जादूगाराची बायको, गालिचेवाला आणि त्या इतक्या ओळी जोडीने खाली उतरत गेलेल्या बाई, सगळ्यांनी पट्ट्याच धरल्या होत्या. त्यांच्याखाली, शेवटच्या जागेवर, ते स्वतः जाऊन बसले होते.

‘‘फ्राऊ जोशी? आहात ना?’’ मुलगी म्हणाली. ‘‘बासरीचं वरचं सप्तक फार विचित्र लागलंय. सरळ करून टाकू?’’

‘‘नको,’’ मी म्हणाले. ‘‘ते हिस्टोरिश आहे.’’

खालून एक उ-बान गेली, सगळ्या नळ्या थरथरल्या आणि स्थिर झाल्या.

‘‘बरं,’’ भिंत म्हणाली. ‘‘वायटर.’’

मी पुढची पट्टी दाबली.